फेब्रुवारीत आम्ही गावात नसतो



2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या वस्तीत आले, तेव्हा घरी मी आणि आजी दोघंच. आई-बाप टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले. गुरुजींनी दोन नावं लिहिली. आजी म्हणाली, "माझा ल्योक न् सून बी लिव्हा की." ते म्हणाले, "मावशी, ते जिथं आहेत तिथं मोजतील." त्यांची चूक नव्हती, नियमच तसा. 9 ते 28 फेब्रुवारीत एकही दिवस घरी नसलेला माणूस सापडेल तिथे मोजायचा. अंधारात फडात गेलेला कोयता कोपीवर कुणाला सापडतो? कोणी आलं होतं का, हे आई-बापाला आजही आठवत नाही.

मतदान मात्र ते इथंच करतात, आष्टी-पाटोदा-शिरूरमध्ये.

आपले कार्यकर्ते मतदारसंघाचा नकाशा म्हटलं की पुढाऱ्यांची कारस्थानं शोधतात. तीही असतात. पण नकाशा आखायच्या आधी माणसं मोजली जातात, आणि खरी काटछाट तिथंच होऊन जाते. आजचे मतदारसंघ 2001 च्या जनगणनेवर 2008 साली ठरले, आणि ती गणतीही फेब्रुवारीतलीच. कागदावर माणसं कमी, म्हणजे सरासरी गाठायला एका आमदाराला जास्त गावं जोडायची. आपली माणसं कारखान्याच्या तालुक्यात मोजली गेली तर आकडा तिकडे वाढतो, राज्याबाहेर मोजली गेली तर महाराष्ट्राच्या हिशेबातूनच जातात.

राखीव जागांचंही तेच. 2008 च्या फेररचनेत विधानसभेच्या 288 पैकी अनुसूचित जातींच्या जागा 18 वरून 29 झाल्या, लोकसंख्येच्या प्रमाणात. त्या कुठे पडाव्यात? जिथे आपलं प्रमाण तुलनेनं जास्त, तिथे, पण राज्याच्या वेगवेगळ्या भागांत. बीड जिल्ह्यात सहापैकी एकटं केज राखीव आहे. (बौद्ध बांधवांनी धर्म 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना मोकळा सोडला, तर ते या हिशेबात धरलेच जात नाहीत. यावर आपल्यात भांडणं खूप, पण आकडा भांडणासाठी थांबत नाही.)

एकदा आयोगाचा आदेश निघाला की कोर्टात जायची वाट अनुच्छेद 329 नं जवळपास बंद केलेली आहे. म्हणून ओरडायचं ते आधी.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027. म्हणजे मोजणी पुन्हा गळीत हंगामातच. मोर्चे काढू, पण त्याआधी दसऱ्याला मुकादमाची उचल वाटली जाते तेव्हाच प्रत्येक वस्तीची यादी करू: कोणता कोयता, कोणत्या कारखान्याला, किती लेकरं सोबत. ती यादी बीडच्या आणि कारखान्याच्या अशा दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवून पोच घ्यायची.

आमच्या वस्तीसाठी मी वही आणली आहे. पहिल्या पानावर आई-बापाची नावं टाकलीत, ते यंदाही जाणार आहेत.