मूर्तिकारांच्या गावी मनाची घडण

पोलादनगरी भिलाईच्या शेजारी, शिवनाथ नदीपलीकडे एक गाव आहे. तेथे मातीला आकार मिळतो आणि खचलेल्या मनाला उभारीही.

सकाळचे सहा वाजले, की पद्मनाभपुरला जाग येते. अंगणात सडा पडतो, दारात दूधवाला येतो आणि पाठीवर जड दप्तर घेतलेली मुले डोळे चोळत शिकवणीला निघतात. दुर्ग आणि भिलाई या छत्तीसगडमधल्या जुळ्या शहरांतली ही वसाहत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. आज त्यांची तिसरी पिढी येथे नांदते आहे.

कारखान्याच्या गावात माणसाची ओळख झटपट ठरते. वडील कुठल्या ग्रेडमध्ये, क्वार्टर कुठल्या सेक्टरमध्ये, मुलाला टक्के किती? आय.आय.टी.च्या प्रवेश परीक्षेत भिलाईच्या मुलांनी नाव कमावले. २०१६ मध्ये तर भिलाईच्या नावाने आय.आय.टी.च सुरू झाली. अभिमानाचीच ही गोष्ट. पण तिची दुसरी बाजू घराघरांत दिसते. साठ टक्के मिळालेला मुलगा शेजारच्या काकांना टाळून मागच्या दाराने येतो. 'मी काय, घरीच असते,' असे म्हणून एखादी वहिनी चारचौघींत गप्प बसते. निवृत्त झालेल्या बाबांना वाटते, आता आपल्याला कोण विचारतो! स्वतःची किंमत दुसऱ्याच्या तराजूत तोलण्याची सवय लागली, की मन असे चोरटे होते.

नदीपलीकडचे गाव

या सवयीवर एक जुना उपाय फार दूर नाही. दुर्गहून राजनांदगावच्या दिशेने निघावे. शिवनाथचा पूल ओलांडला, की शहराचा गोंगाट मागे पडतो. पुढे अंजोरा लागते आणि तेथून वाट थनौदला जाते.

थनौद हे मूर्तिकारांचे गाव. गणपती आणि नवरात्र जवळ आले, की येथल्या कुंभार कुटुंबांची सारी घरे कामाला लागतात. लाकूड-बांबूचा सांगाडा, त्यावर गवत-पेंढा, मग मातीचे थर. थर घाईने वाळवला तर तडा जातो. तडा गेला तर कारागीर मूर्ती फेकून देत नाही. ओल्या मातीचा हात फिरवतो आणि पुन्हा वाळू देतो.

याच थनौदमध्ये 'धम्म केतु' हे विपश्यना केंद्र आहे. विपश्यना म्हणजे जे जसे आहे ते तसे पाहणे. भगवान बुद्धांनी शिकवलेली ही साधना ब्रह्मदेशात गुरुशिष्य परंपरेने टिकून राहिली. मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि साधक झाले. १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे 'धम्मगिरी' हे त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र ठरले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले; आजही शिबिरांत त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना ऐकवल्या जातात.

दहा दिवसांचे मौन

शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला साधना सुरू आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी सुमारे दहा तास साधना. अकराला साधे शाकाहारी जेवण. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळे. मोबाइल, वाचन, लेखन सारे बंद. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन.

या मौनातच आत्मसन्मानाची पहिली पायरी आहे. 'तुम्ही काय करता?' असे येथे कोणी विचारत नाही. अधिकारी आणि कामगार एकाच पंगतीत, आपले ताट आपणच धुणार. तुलना करायला साधनच उरत नाही.

पहिले साडेतीन दिवस 'आनापान', म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणे. मन पळतेच. ते पळाले, की चिडायचे नाही, स्वतःला बोल लावायचा नाही. शांतपणे श्वासावर परत यायचे. दिवसभरात हे शेकडो वेळा घडते. चुकूनही स्वतःला न हिणवता पुन्हा सुरुवात करणे, हेच तर खचलेल्या माणसाला जमत नसते!

चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना पाहायच्या. कोणी टोचून बोलले तर छातीत धडधडते, कान तापतात. स्तुती झाली तर अंगावर मूठभर मांस चढते. दोन्ही लाटा येतात आणि ओसरतात, हे साधक स्वतःच्या देहावर अनुभवतो. मग निंदेने कोसळणे आणि स्तुतीसाठी झुरणे हळूहळू कमी होते.

'मी मोठा' म्हणणे आत्मसन्मान नव्हे. बौद्ध विचारात 'मी श्रेष्ठ', 'मी कनिष्ठ' आणि 'मी बरोबरीचा' या तिन्ही भावना अहंकाराच्याच मानल्या आहेत. न्यूनगंडही अहंकाराचाच भाऊ! दहाव्या दिवशी 'मैत्री' साधना असते. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी मैत्रीभावना आधी स्वतःपासून सुरू करायला सांगितले आहे. आपल्याशीच वैर असेल, तर जगाशी मैत्री कशी होणार?

ताठ मानेचा वारसा

विदर्भातून आलेल्या कुटुंबांना बुद्धाचे नाव नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तो माणूस म्हणून ताठ मानेने जगण्यासाठी. समाजाने हिरावलेला सन्मान नुसते डोळे मिटून मिळत नाही. त्यासाठी शिक्षण, कायदा आणि संघटन लागते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. पण हक्क मिळाल्यावरही मनात खोल रुतलेली 'आपण कमी' ही भावना ज्याची त्यालाच उपटावी लागते. तेथे साधना कामी येते. शिबिर मात्र सर्व धर्मांच्या लोकांना खुले आहे.

एक खबरदारी हवी. ही साधना औषधोपचाराची जागा घेत नाही. गंभीर मानसिक आजार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अर्जात आजाराची माहिती लपवू नये.

सर्वांनाच दहा दिवस काढणे जमेल असे नाही. घरी सकाळी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे मिटावे, श्वास नैसर्गिक ठेवून तो पाहावा. मुलांनाही सोबत घ्यावे. आणि निकालाच्या दिवशी 'शेजारच्याला किती?' हा प्रश्न तेवढा गिळावा. थनौदचा कारागीर तडा गेलेल्या मूर्तीवर ओला हात फिरवतो; घरातल्या माणसांनाही तेवढाच हात हवा असतो.

कसे जाल?

दुर्ग हे मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचे मोठे रेल्वेस्थानक आहे. तेथून अंजोरामार्गे थनौदला जाता येते. उन्हाळा कडक असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. शिबिरासाठी आधी अर्ज करून प्रवेश निश्चित करावा लागतो. राहण्या-जेवण्याचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या ऐच्छिक दानावर खर्च चालतो. मूर्ती घडताना पाहायच्या असतील, तर गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे निवडावेत.