अर्धं ऐकलेलं

"खाला, माझ्या प्रोग्रॅममुळे एका गरिबाचं नुकसान झालं असतं." भाचा डोंबिवलीहून आला तो तोंड पाडूनच.

भिवंडीजवळच्या एका वजनकाट्यासाठी त्याने प्रोग्रॅम लिहून दिला होता. काट्याच्या इंडिकेटरमधून केबल कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जाते आणि वजनाचे आकडे सतत येत राहतात. भंगाराचा टेम्पो काट्यावर चढला. इंडिकेटरवर लाल आकडा 2840, स्क्रीनवर 2310. तो आधीच्या गाडीचा! ड्रायव्हरचं लक्ष गेलं म्हणून पावती थांबली.

मी कल्याणला उर्दू-मराठी शिकवते. म्हटलं, मला कळेल असं सांग.

"खाला, 9600 बॉड म्हणजे सेकंदाला 9600 बिट. एका अक्षराचे आठ, वर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. त्यातही अक्षराचा उजवीकडचा बिट आधी निघतो."

"म्हणजे उर्दूसारखं!" तेव्हा कुठे तो हसला.

चूक साधी होती. आकडे वाचणं, खिडकीत दाखवणं, पावती छापणं, सगळं एकाच थ्रेडवर. छपाई चालली की वाचन बंद. न वाचलेले आकडे रांगेत साठायचे आणि नंतर सगळ्यात जुना आधी दिसायचा. आता वाचायला वेगळा थ्रेड ठेवलाय. तो फक्त ताजं वजन जपतो. पण खिडकीला तो थेट हात लावत नाही. ज्या थ्रेडने खिडकी बनवली, त्याच्याकडे 'इन्व्होक'ने निरोप देतो.

तपासताना दुसरी चूक सापडली. पोर्टवर काही आलं, असा इशारा मिळतो, पण पूर्ण आलं असं नाही. 2840 मधलं आधी 28 येतं, मग 40. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे जोडत थांबावं लागतं.

हे ऐकून मी गप्प झाले. नोकरीच्या सुरुवातीला, बी.एड. नुकतंच झालेलं, वर्गात भांडण झालं. एक मुलगा रडत म्हणाला, "बाई, मी त्याला मारलं..." हुंदका आला आणि तो अडला. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. नंतर कळलं, पुढचा शब्द 'नाही' होता. घरी उर्दू बोलणारं पोर. "मैंने नहीं मारा" म्हणालं असतं, तर 'नहीं' आधीच कानावर पडलं असतं. मराठीत 'नाही' शेवटी येतं. माझ्यासाठी तो मराठीत बोलला आणि मी शेवटपर्यंत थांबले नाही.

बी.एड.ला बाल मानसशास्त्र शिकले होते. पण त्या दिवशी एका हातात हजेरी होती, दुसऱ्या हातात खडू, आणि कान कुठेच नव्हते.

भाच्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला. तो मुलगा आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. वर्गात कुणी बोलता बोलता अडलं, की मी हातातलं काम खाली ठेवते आणि म्हणते, "पुढे? सांग, मी ऐकतेय."