बाळाचे महिने, उसाचे महिने

बालाघाटाच्या डोंगररांगेतला नारायणगड बीड जिल्ह्यात धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या मेळाव्यासाठी इथं अफाट गर्दी जमली, तेव्हा सगळ्या राज्याचे कॅमेरे गडाकडे वळले होते. पण या मुलखात दसऱ्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो दरसाल असतो. दसरा सरला की ऊसतोडीला निघायची आवराआवर सुरू होते. ताडपत्री, पिठाचे डबे, हंडे-कळश्या, गोधड्या, कोयत्यांना लावलेली धार. आणि नेमक्या याच दिवसांत कुणाच्या तरी घरात बाज मांडलेली असते, दाराआडून ओव्या-शेपाच्या धुरीचा वास येत असतो. घरातली थोरली बाई बोटांवर दोन हिशेब मांडते : लेकराला किती दिवस झाले आणि गाडी कधी भरायची.

मराठी घरात बाळंतिणीचा सव्वा महिना हा कुणी कागदावर न लिहिलेला करार आहे. एरवी सुनेला पाठ टेकू न देणारी सासूसुद्धा या चाळीस दिवसांत तिच्या हातातली बादली काढून घेते. गार पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही, वाऱ्याला बसायचं नाही. सकाळी अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, जेवणात बाजरीची भाकरी न् शेपूची भाजी, अंगाला तेल, पोटाला घट्ट पट्टा, बाजेखाली शेगडी. ज्यांच्या घरात तूप महाग असतं तेही या दिवसांपुरतं ते कुठून तरी आणतात. बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म म्हणतात आणि दुसऱ्या जन्माला माणसाचा हात लागतो, हे या घरांना पक्कं ठाऊक असतं.

या चाळीस दिवसांत बाईच्या शरीरात जे घडतं ते पाहिलं की आज्यांच्या शहाणपणाचा अचंबा वाटतो. प्रसूती झाल्या झाल्या गर्भपिशवीचं वजन सुमारे एक किलो असतं. सहा आठवड्यांत ती आक्रसत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. बाळ अंगावर प्यायला लागलं की पोटात कळ उठते. नव्या आईला वाटतं काही बिघडलं, पण ती कळ म्हणजे पिशवी मिटत असल्याची खूण. सरकारी पद्धतीत आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. बेचाळीस दिवस आणि सव्वा महिना. दोघांचं गणित जवळजवळ एकच निघतं.

पाचवीचंही तसंच. पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. आज हे वाचायला गोड वाटतं. त्यामागे मात्र खरी भीती होती. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. गंजक्या विळ्याने नाळ कापली जायची त्या काळात धनुर्वात बाळाला साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी गाठायचा. छान पिणारं लेकरू अचानक तोंड मिटायचं, अंग ताठ करायचं. त्या रात्री आया जागत होत्या त्या उगाच नव्हे. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. सटवाईची पूजा अजून होते, होऊ दे. तिच्या कागदावरची एक ओळ तरी माणसांनी खोडून दाखवली आहे.

अर्थात सव्वा महिन्यातलं सगळंच जपण्यासारखं नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकणं, बाळाला मधाचं बोट, मग गुटीचं चाटण, बाळंतिणीला विटाळ मानून कोपऱ्यात ठेवणं, धुराने कोंदलेली खोली. चीक म्हणजे बाळाची पहिली लस, तो थेंबभरसुद्धा वाया जाऊ नये. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. हे सांगून सांगून आशाताईंचे घसे कोरडे पडले आणि बऱ्याच घरांनी ऐकलंही. विटाळ जावा आणि विसावा राहावा, एवढं झालं तरी पुष्कळ.

पण विसावा राहायला घर लागतं.

बीडमधून दरवर्षी लाखाच्या वर माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची ती नवरा-बायकोच्या जोडीवर. या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल घेतलेल्या जोडीतली बाई बाळंत झाली म्हणून उचल अर्धी होत नाही. कामाचा दिवस बुडला तर खाडा लागतो, आणि पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त खाडा कापल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात. त्यामुळे या भागात बाळ कोणत्या महिन्यात जन्मलं यावर त्याच्या आईचा सव्वा महिना ठरतो. ज्योतिषाने मांडलेल्या पत्रिकेपेक्षा कारखान्याचं धुराडं कधी पेटलं याला इथं जास्त वजन.

आषाढ-श्रावणातलं बाळ नशिबाचं. पावसाळ्यात माणसं गावात असतात. माहेर भरलेलं असतं, बारशाला पाळणा सजतो, आत्या नाव ठेवते, बाळंतविडा येतो. सव्वा महिना सरला की गडाला मानणाऱ्या घरांत लेकराला गडाच्या पायरीवर घालून आणतात. आई त्याच्याकडे निवांत बघू शकते. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते जेमतेम वीत-दीड विताच्या अंतरावरचं, म्हणजे कुशीतून आईच्या तोंडापर्यंतचं. तेवढंच जग, आणि ते त्याला पुरतं. आईचा आवाज त्याने पोटातच ऐकलेला असतो. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा ते पितं. आईला वार-तिथीचं भान राहत नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते पहिल्यांदा ओळखीचं हसतं. झोपेत ओठ हलायचे ते वेगळं. आता ते डोळ्यांत बघून हसतं. इतके दिवस देतच राहिलेल्या आईला पहिल्यांदा काही परत मिळतं.

पौषातल्या बाळाची गोष्ट दुसरी. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. पण माहेरच्यांचाही कोयता असेल तर माहेराला कुलूप असतं. गावात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेली शाळकरी पोरं. मग बाई नवव्या महिन्यातही फडावर असते. पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक, अंधारातच तोड, मग मोळ्या बांधायच्या. मोळीचं वजन पंचवीस-तीस किलो, कधी त्याहून जास्त. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. बीडच्या आरोग्य यंत्रणेने २०२४-२५ च्या हंगामातल्या महिलांची तपासणी केली तेव्हा दीड हजाराहून अधिक जणी गरोदर असताना ऊस तोडत होत्या. कळा फडातच सुरू झाल्या तर वेळेवर १०८ ला फोन लागणं आणि गाडी उसाच्या वाटांतून आत येणं, यावर दोन जीव अवलंबून.

आणि बाळंत झाल्यावर ती परत येते ती कोपीत. बांबूच्या काड्यांवर ताडपत्री किंवा पाचट टाकलेली, वाकून आत जावं लागणारी खोपटी. पौषाची थंडी खालून, जमिनीतून चढते. नवजात बाळाला आपलं अंग गरम ठेवता येत नाही, कमी वजनाच्याला तर नाहीच. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबवणपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून एडगार रे या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर याला कांगारू पद्धत म्हणतात. कोपीतल्या आईला ही ऊब देता येते, पैसे लागत नाहीत. लागतात ते तास. पण तिचे तास उचलीत आधीच गेलेले असतात.

आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा फडात उतरते. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू, राखायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा त्या झोळीच्या दोरीला बांधलेली. लेकरू रडलं की उसाच्या सरीत वाकलेल्या आईला पान्हा फुटतो. रडणं ऐकून दूध उतरणं हे शरीराचं काम, ते मुकादमाला विचारून होत नाही. चोळी भिजते, पाचट अंगाला टोचतं आणि सरी संपेपर्यंत ती थांबते. हे लिहिताना हात थबकतो. सव्वा महिना पाळणाऱ्या समाजाने या बाईचा सव्वा महिना टनाच्या भावात कसा मोडू दिला?

या प्रश्नाला आकडेही आहेत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती तपासली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, अनेकींची पस्तिशीच्या आत. दर महिन्याचा त्रास, खाडा, कर्करोगाची घातलेली भीती, कारणं अनेक. पण ज्या पिशवीला मिटायला सहा आठवडे हवे असतात तिला ते कधीच मिळाले नाहीत, अंग बाहेर आलं, पांढरं जायला लागलं, कंबर धरली, आणि शेवटी पिशवीलाच दोष देऊन ती काढून टाकली, असंही पुष्कळदा घडलं. औषध विसाव्याचं होतं, मिळाली शस्त्रक्रिया.

कायदा नाही असं नाही. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ मध्येच आला. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. पण एकेका कारखान्याच्या उसात शेकडो कोयते राबत असले तरी कागदावर ऊसतोड बाईचा मालक कोणी नसतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघाली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० मध्ये ‘शांतिवन’ सुरू केलं आणि कितीतरी ऊसतोड मुलांची शाळा वाचली. अंगावरच्या लेकराला मात्र वसतिगृह चालत नाही. त्याचं गाव म्हणजे आई. ती जाईल तिथं ते जाणार. तेव्हा पाळणाघर फडाजवळच हवं, आणि बाळंतिणीचे सहा आठवडे उचलीतून वळते न करता भरून निघायला हवेत. साखरेच्या एवढ्या मोठ्या उलाढालीत ते बसत नाहीत, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

माणसं झटली तर काय होतं हे याच राज्यात दिसलेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं : श्वास मोजणं, वजन करणं, बाळ गरम ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. देशभरच्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच निघाल्या. घरभेटीला फक्त घर सापडायला हवं, आणि ऊसतोडीचं घर सहा महिने पाठीवर असतं.

श्रावणातल्या त्या नशीबवान बाळाचंही पुढे तेच होतं. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याची लस गावात मिळते. चौदाव्या आठवड्याच्या सुमारास मात्र ते फडात असतं. तो डोस राहिला की पहिलटकरणीच्या मातृवंदना योजनेतल्या पाच हजारांपैकी शेवटचे दोन हजारही अडकतात, कारण ते या लसीकरणाशी जोडलेले आहेत. माघात ते सहा महिन्यांचं होतं. उष्टावण कोपीसमोरच, वाटीत पातळ भात. चैत्रात बिऱ्हाड परत येतं, वैशाखात बाळाला नऊ महिने भरतात, गोवर-रुबेलाची लस द्यायची असते. अंगणवाडीत वजनकाट्याच्या झोळीत ते पाय झाडतं, सिस्टरबाई कार्डावरचे रिकामे रकाने बघतात. राहिलेला डोस आता घेतला तरी चालतो, सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. त्या आईला हे दोनदा समजावून सांगतात आणि तारीख घालतात. त्याच आठवड्यांत मुकादम पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी करायला गावात फिरू लागतो. रांगेतल्या एखाद्या बाईला तेव्हा तिसरा महिना असतो, आणि तिच्या कार्डावर बाळंतपणाची तारीख कार्तिकातली पडलेली असते.