आजोबांची पेटी आणि भिंतीवरचे चित्र

घर सजवताना खाली जुने सागवानी सामान आणि वर आजच्या चित्रकाराचे चित्र, अशी मांडणी आता नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांतही दिसू लागली आहे. हौस चांगलीच आहे. पण जुने म्हणजे कोणाचे जुने, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

जुन्या बाजारातली नक्षीची खुर्ची बहुधा वाड्यातली असते. ज्या वाड्याच्या ओसरीवर आपल्या आजोबांना पाय ठेवता येत नव्हता, तिथली खुर्ची आज आपण विकत आणू शकतो. खुशाल आणावी, लाकडाला जात नसते. मात्र तिला जागा करण्यासाठी घरातली पेटी भंगारात देऊ नये.

आमचे आजोबा नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत कामाला होते. त्यांच्या लाकडी पेटीत कपडे थोडे आणि कागद फार. आमच्या वडिलांचा शाळेचा दाखला त्यांनी त्यातच जपला. आमची सासुरवाडी लातूर जिल्ह्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तिथले माळवदाचे घर बसले. ढिगाऱ्यातून निघालेल्या दाराच्या फळ्यांचा सासऱ्यांनी बाक करून घेतला. आमच्या घरच्या प्राचीन वस्तू म्हणाल तर या दोनच.

मागल्या वर्षी मुलीने नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांच्या एका चित्राची छापील प्रत आणली. पेशवाईतला अस्पृश्य, गळ्यात मडके. ती पेटीच्या वर लावायची, असा तिचा हट्ट. आमची माय संतापली. म्हणाली, "बाबासाहेबांनी गळ्यातलं मडकं उतरवलं, अन् तू ते भिंतीवर टांगतीस? येणारा-जाणारा काय म्हणंल?"

मुलगी म्हणाली, "आजी, मडक्याच्या खाली दाखल्याची पेटी आहे. येणाऱ्यानं दोन्ही बघावं."

माय गप्प झाली, पण पटले असे म्हणाली नाही. शेवटी चित्र बैठकीत न लावता मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत लागले. पेटीही तिकडेच गेली. दोघींचाही मान राहिला, असे आम्हाला वाटते.

पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, त्यांचे व्हायोलिनसुद्धा, जपून ठेवले आहे. तिथे उभे राहिले की कळते, साध्या वस्तूही माणसाचे चरित्र सांगतात. मग आपल्या कष्टकरी आजोबांची वस्तू का सांगणार नाही?

भगिनींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जुन्या लाकडावर ऑइलपेंट फासू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि वाळवी लागली नाही ना, हे पावसाळ्याआधी पाहा. चित्र ओलीच्या भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर जागा सोडा. एका भिंतीवर एकच चित्र पुरे. आणि पेटी कोणाची, बाक कशाचा, हे एका कागदावर लिहून आत ठेवा. आपल्यामागे ते सांगायला कोणी नसेल.