चेन सैल का होते?

बेळगावातून गोव्याला नोकरीला गेलेला एखादा मुलगा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतोच. आठवडाभर पणजी, म्हापसा नाहीतर वेर्णा, आणि शनिवारी संध्याकाळी बॅग पाठीला लावून मोटरसायकलवरून घरी. जाताना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी आणि येताना तेच उलट. एका बाजूचं अंतर साधारण ११० किलोमीटर धरलं, तर महिन्याच्या चार फेऱ्यांत नऊशेच्या आसपास किलोमीटर नुसत्या घाटरस्त्यावरच होतात. त्यात कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

माझा मामेभाऊ त्यांतलाच एक. वय २४, गाडी १५० सीसीची. "दादा, मी साखळीवरनं येतो आणि साखळीवरच येतो," हा त्याचा ठरलेला विनोद. पण त्यातला दुसरा अर्धा भाग अगदी खरा आहे. इंजिनची सगळी ताकद मागच्या चाकापर्यंत पोचते ती त्या एका चेनवरून. आणि घरातल्या गाडीचा सगळ्यांत दुर्लक्षित भागही तोच. टाकी आपण फडक्याने पुसतो, आरसे पुसतो, टायरमध्ये हवा भरतो. चेनकडे लक्ष जातं ते ती वाजायला लागल्यावर.

गेल्या जुलैत एका रविवारी सकाळी तो घरी आला. "दादा, पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खट् करून आवाज यायलाय. जरा ताणून देतोस काय? संध्याकाळी निघायचं आहे." मी शिकलो बीई मेकॅनिकल आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्यामुळे घरात प्रिंटर बिघडला तरी मी आणि गाडी वाजली तरी मीच. मामीही त्याच्यासोबत आली होती. ती काही बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत पायरीवर बसली.

"ताणून देतोस काय" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, म्हणून आधी त्याबद्दल सांगतो. चेन सैल झाली की आपण म्हणतो, चेन ताणली गेली. पण पोलादाच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणत नाहीत. चेनच्या प्रत्येक जोडात एक पिन असते, तिच्याभोवती बुश आणि बुशभोवती फिरणारा रोलर. अशा बुश-रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १८८० साली घेतलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे. चेन स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना प्रत्येक जोड वाकतो, म्हणजे पिन बुशमध्ये घासते. तिथलं तेल संपलं किंवा बारीक माती आत गेली की दोन्ही झिजतात. एका जोडात फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली असं समजा. म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. एका जोडात ती डोळ्यांना दिसणारही नाही. पण चेनमध्ये ११८ जोड असतील तर सगळे मिळून चेन जवळजवळ १२ मिलिमीटर लांब होते. ही झाली आपली "ताणलेली" चेन.

खरी गोष्ट पुढे आहे. चेन लांब झाली तरी स्प्रॉकेटच्या दातांमधलं अंतर तेच राहतं. मग रोलर दातांच्या खाचेत तळाशी न बसता वर चढून बसतो आणि दाताला एका बाजूने खात सुटतो. दात वाकडे झाले की ते चेनला खातात. पुढचं छोटं स्प्रॉकेट आधी जातं, कारण त्याला दात कमी. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील, तर मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचा प्रत्येक दात तीन वेळा चेनच्या तोंडी येतो. नेमकं हेच स्प्रॉकेट कव्हरच्या आत झाकलेलं असतं.

म्हणून ताणण्याआधी आम्ही मोजायचं ठरवलं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. खालच्या बाजूच्या चेनला मधोमध बोटाने वर-खाली करून खेळ पाहिला. किती खेळ हवा हे मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना स्विंग आर्मवर स्टिकरही असतो. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पुष्कळदा तो २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. चाक हाताने थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मोजलं, तर एका ठिकाणी २५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४५. म्हणजे चेन सगळीकडे सारखी झिजली नव्हती. अशी चेन सैल जागेवर धरून ताणली तर घट्ट जागी ती जास्तच आवळली जाते.

दुसरी परीक्षा अगदी सोपी. मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यांत मागच्या टोकाला चेन धरून सरळ मागे ओढायची. चांगली चेन जागची हलत नाही. इथे चेन इतकी सुटली, की खालचा अर्धा दात दिसला.

तिसऱ्या परीक्षेला मी पुतणीच्या दप्तरातली स्टीलची फूटपट्टी घेतली. लहान गाड्यांच्या चेनवर बहुधा ४२८ असा आकडा असतो. त्यातल्या पहिल्या ४ चा अर्थ चार-अष्टमांश, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत वीस घरं होतात, म्हणजे नव्या चेनला बरोबर १० इंच, २५४ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० चेनला पहिली ते सतरावी पिन मोजा, तेही १० इंचच भरतं. पट्टी लावताना चेन ताठ धरायची, एवढंच. आमचं माप आलं २५८. चार मिलिमीटर जास्त, म्हणजे दीड टक्क्याच्याही वर. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. माझा हिशेब असा, की एक टक्का वाढली की पैसे बाजूला काढायचे, आणि दोन टक्क्यांपर्यंत वाट बघायची नाही.

शेवटी पुढचं कव्हर उघडलं. आत चोर्ल्याची लाल माती आणि ग्रीस यांचा काला. तो पुसल्यावर दात दिसले, विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वळलेले. मागच्या ॲडजस्टरच्या खुणा बघितल्या तर चाक जवळजवळ शेवटच्या रेघेपर्यंत सरकलेलं. सर्व्हिसिंगच्या वेळी दर खेपेला कुणीतरी "ताणून" दिलं होतं. खेळ त्या त्या वेळी बरोबर आला, झीज मात्र तशीच वाढत राहिली.

"मग आज तेवढं ताणून दे, पुढच्या शनिवारी बदलू," मामेभाऊ म्हणाला. सोमवारी सकाळी त्याची कसलीशी मीटिंग होती, पगाराला आठवडा होता, त्याचंही चुकत नव्हतं. मी त्याला एवढंच विचारलं, की उतारावर चेन सुटली तर काय होईल ते तुला माहीत आहे काय? चेन तुटून मागे पडली तर गाडीला ओढ राहत नाही, आणि घाटात आपण ज्याच्या भरवशावर उतरतो ते इंजिनचं ब्रेकिंगही त्याच क्षणी जातं. हातात उरतात फक्त ब्रेक, तेही पावसात. आणि चेन मागे न पडता पुढच्या स्प्रॉकेटजवळ गोळा होऊन अडकली, तर मागचं चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. ओल्या वळणावर, मागून ट्रक येत असताना.

तो गप्प झाला. मामी पायरीवरून उठली आणि म्हणाली, "गाडी इथं राहू दे. बसनं जा." बोलणं तिथेच संपलं. तो चार वाजताच्या बसने गेला.

सोमवारी मी गाडी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे ढकलतच नेली. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "नुसती चेन घालू नका. जुन्या दातांवर नवी चेन घातली की चार महिन्यांत परत येतासा बघा." चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट, तिन्ही एकदम बदलायची. मजुरीसकट खर्च दोन हजारांच्या आत आला. चेन लॉकची क्लिप बसवताना त्यांनी मला बोटाने दाखवलं: क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, उघडं टोक मागे. उलटी बसली तर धावताना कशालातरी घासून ती निघू शकते. मागचं चाक सरळ बसलंय की नाही यासाठी दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आहेत का, हेही त्यांनी दोनदा बघितलं. चाक तिरकं बसलं तर दात बाजूने घासतात आणि नवा सेटही लवकर जातो.

आता काळजी काय घ्यायची ते. साध्या चेनला ४०० ते ५०० किलोमीटरला एकदा तेल हवं, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी. आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन माती काढा, फडक्याने कोरडी करा. मग ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत, थेंब थेंब सोडा. आतून सोडलेलं तेल फिरताना आपोआप बाहेरपर्यंत जातं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना सोडलं तर ते आत जास्त मुरतं. रात्रभर राहू द्या आणि सकाळी वरचं तेल पुसून टाका. चेनवर दिसणारं तेल फक्त माती गोळा करतं, काम करतं ते पिनेपर्यंत गेलेलं तेल. इंजिनमधलं काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून घालू नका, त्यात धातूचा कीस असतो. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये पिनांजवळ रबराच्या बारीक रिंगा असतात, त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात. तिथे पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य, कारण रिंग गेली की आतलं ग्रीसही गेलं.

चेन सैल नको म्हणून कुणी ती तारेसारखी ताठ करतात, तेही वाईट. मागे माणूस बसला, खड्डा आला, की चाक वर जाताना चेन आणखी ताणली जाते. तिला खेळ नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो, आणि तो खर्च चेन सेटपेक्षा कितीतरी मोठा.

तरुण मंडळींना एक विनंती. दिसायला छान म्हणून चेन कव्हर काढून टाकू नका. मागे बसणाऱ्या आईच्या पदराची आणि बहिणीच्या ओढणीची सोय त्यातच आहे. पूर्ण झाकलेल्या कव्हरला खेळ बघायला रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही. स्टँडवरची गाडी, संथ फिरणारं चाक आणि हातात जुनं बनियन, एवढंच निमित्त. फडकं आधी ओढलं गेलं आणि त्याच्यामागून बोट. चाक हाताने फिरवायला पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

मामेभावाच्या नव्या चेनला आता वर्ष होत आलं. मामीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलेंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात, आणि गेल्या जुलैपासून दर रविवारी गाडीच्या मीटरचा आकडा असतो. पाचशे किलोमीटर भरले की ती शेजारी गोल काढते. गेल्या महिन्यात आम्ही फूटपट्टी लावली तेव्हा माप २५५ च्या आतच होतं. तेही तिने गोलाशेजारी लिहून ठेवलं आहे.