निरंक म्हणजे शून्य की कोरं?

गेल्या आठवड्यात माझ्याच लॅपटॉपनं मला सांगितलं, की ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या मंडळात पावसाचा सगळ्यात मोठा खंड चार दिवसांचा होता. चार! देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून ज्याची नोंद झाली, तो ऑगस्ट. काकांना आकडा दाखवला, तर म्हणाले, "बाप्पू, मंग आमचं सोयाबीन कायनं वाळलं? नजरेनं?"

झालं असं, की रोजच्या पावसावरून जमिनीत किती ओल उरली असेल, याचं एक छोटं मॉडेल मी पायथॉनमध्ये करतोय. पावसाची फाईल एका ओळखीच्याकडून मिळाली. लोड केली, तर 31 पैकी 19 दिवसांची तारीखच रिकामी. 13 तारखेपासून पुढं सगळं कोरं. तेव्हाच ट्यूब पेटली. संगणक आपली तारीख अमेरिकन पद्धतीनं, आधी महिना आणि मग दिवस अशी वाचत होता. तेरावा महिना नसतो, म्हणून 13 पासून पुढं रिकामं. त्याहून वाईट म्हणजे पहिले 12 दिवस रिकामे दिसत नव्हते, पण चुकलेले होते; आपला 12 ऑगस्ट गुपचूप 8 डिसेंबर होऊन बसला होता. तारखेची पद्धत स्पष्ट सांगितल्यावर ते मिटलं. (दुसरी मातीची फाईल जोडताना अख्खा जिल्हाच रिकामा आला. एकीत 'बुलडाणा', दुसरीत 'बुलढाणा'. हा वाद आपला आपल्यातच मिटला नाही, तर संगणकाला काय बोलायचं!)

पण खंड अजूनही चारच दिवसांचा. मग फाईल डोळ्यांनी वाचली, जे मी आधीच करायला पाहिजे होतं. पाऊस नव्हता त्या दिवशी लिहिणाऱ्यानं 0 नाही, 'निरंक' लिहिलं होतं. सरकारी कागदावर वर्षानुवर्षं असंच लिहितात, त्यात त्याची चूक नाही. मीच प्रोग्रामला सांगितलं होतं, की आकडा नसेल तर जागा रिकामी धर. हवामान खात्याच्या हिशेबात 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर पावसाचा दिवस. रिकामी जागा 2.5 पेक्षा कमी आहे का, असं विचारलं की संगणक 'नाही' म्हणतो. माझ्या कोडात 'नाही' म्हणजे पाऊस पडला! सगळ्यात कोरडे दिवस मी ओले करून ठेवले होते आणि एकही एरर आली नव्हती.

निरंकचे शून्य केले. तरी तीन दिवस खरोखर कोरे उरले, लागोपाठ. यंत्र बंद होतं की नोंद राहिली, फाईल सांगत नाही. त्यांच्या आधी 13 दिवस कोरडे, नंतर 8. तिन्ही दिवस शून्य धरले तर खंड 24 दिवसांचा, नाही धरले तर 13 चा. पीकविम्याच्या अग्रिमासाठी 21 दिवसांच्या खंडाची चर्चा त्या साली गावोगाव होती, म्हणजे या तीन घरांची किंमत तुम्हाला सांगायला नको. आणि उलटंही होतं: जुलैत यंत्र बंद असताना ढगफुटी झाली आणि कुणी तिथं 0 भरला, तर 65 मिलिमीटरची अतिवृष्टी कागदावर कधी झालीच नाही.

काकांनी खुंटीवरचं जुनं कॅलेंडर काढून आणलं. तीनपैकी दोन तारखांवर काहीच नाही, मधल्या तारखेवर पेन्सिलीनं 'झिमझिम'. किती मिलिमीटर? "आता ते मले काय माहीत, अंगरखा भिजला नव्हता."

तीन घरं मी कोरीच ठेवली आणि निकालात दोन्ही आकडे लिहिले. आता नोंदी करणाऱ्या, फायली बनवणाऱ्या मित्रांना एकच विनंती आहे. पाऊस नसेल तर 0 टाका, मोजलाच नसेल तर जागा कोरी सोडा आणि शेजारी कारण लिहा. दोन शब्द पुरतात: 'यंत्र बंद'.