मेहरांगीर आणि आमचं उस्मानपुऱ्यातलं घर

२०१६ साली मुंबईत डॉ. होमी भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला पाडला, तेव्हा मी इथंच तावातावानं लिहिलं होतं. ‘करंटा समाज’ वगैरे. काल ती पोस्ट पुन्हा वाचली आणि मान खाली गेली. कारण आता आमच्याच घरी बिल्डरचा कागद सहीसाठी येऊन पडलाय.

आमचं घर उस्मानपुऱ्यात. मोठा वाडा वगैरे काही नाही. आजोबांनी बांधलेलं बैठं घर, पुढं ओसरी, मागं कडुलिंब. चार भावंडांचे चार हिस्से. धाकट्याला लेकीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत. त्याचं काय चुकलं?

मेहरांगीरची गोष्ट नीट वाचली तर तिथंही हाच पेच दिसतो. होमी भाभा २४ जानेवारी १९६६ ला विमान अपघातात गेले. बंगला भाऊ जमशेद यांच्याकडे राहिला. त्यांनी आयुष्य एनसीपीए उभी करण्यात घातलं, आणि २००७ मध्ये ते गेल्यावर बंगलाही त्याच संस्थेला मिळाला. संस्थेनं २०१४ मध्ये लिलाव केला, ३७२ कोटींना. कलेसाठीच्या संस्थेला पैसा लागतोच की! भाभा अणुसंशोधन केंद्रातले काही कर्मचारी स्मारकाची मागणी घेऊन कोर्टात गेले, पण लिलाव थांबला नाही. घेणाऱ्यांनी रीतसर घेतला आणि दोन वर्षांनी तो पाडला गेला.

आता शिव्या द्यायच्या तरी कुणाला?

मला वाटतं, घर वाचतं ते बोली लागायच्या आधी. १९६६ ते २०१४ म्हणजे ४८ वर्षं होती. एवढ्या काळात मालकाशी बसून बोलता आलं असतं, सरकारला योग्य मोल देऊन घेताही आलं असतं. बोली लागल्यावर आपण जागे झालो. मीही त्यातलाच.

आपल्या शहराचंही तेच. जुनं घर पडलं की आपण फोटो टाकून हळहळतो. ते उभं असताना मालकाला कुणी विचारतं का, की बाबा, गळकं छत कसं सांभाळतोस? घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीला हातभार लावा, मग वारशाच्या गप्पा मारा.

सही बहुतेक मी करीन. पण त्याआधी घराचा नकाशा काढून ठेवायचाय, खोलीन् खोली मोजून. रविवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी या. टेप घेऊन या. चहा ओसरीवरच घेऊ.